पितळेतलं जस्त आलं कुठून?

आजच्या गप्पांचा विषय आहे जस्त. नाव ऐकून काहीजणींना वाटेल, याचं आपल्याला काय? पण जरा घरातच नजर फिरवू या. छपराचा पत्रा गंजू नये म्हणून त्यावर जो पांढुरका लेप असतो, तो जस्ताचा. कुंपणाची तार आणि जुन्या धाटणीची बादली यांच्यावरही तोच. बाळाला जुलाब झाले की आशाताई ओआरएसच्या पुडीबरोबर १४ दिवसांच्या ज्या गोळ्या देतात, त्या झिंकच्या, म्हणजे जस्ताच्याच. भाताचं पीक खुरटलं, पानं तांबूस पडली, तर कृषी सहायक झिंक सल्फेट टाकायला सांगतात, तेही जस्तच. आणि देवघरातली समई, हळदीकुंकवाचं तबक, आईने लग्नात दिलेली कळशी ही सगळी पितळेची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण.

म्हणजे जस्त घरोघरी आहे. तरीही सोनं, चांदी, तांबं, शिसं, कथील, लोखंड हे सारे धातू माणसाला हजारो वर्षं आधी वापरता आले आणि जस्त मात्र फार उशिरा हाती लागलं. ते दुर्मिळ होतं म्हणून नव्हे. ते पकडता येत नव्हतं म्हणून. ते पकडण्याची युक्ती ज्यांनी मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा राबवली, ती माणसं आपल्याच देशातली होती, राजस्थानातल्या मेवाडमधली. त्यांची हकिगत आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. त्या हकिगतीच्या शेवटी आपल्या मराठी फौजाही येतात, तेही सांगणार आहोत.

आधी धातू दगडातून निघतो कसा, ते पाहू. सोनं बऱ्याचदा नदीच्या वाळूत किंवा खडकात सोनं म्हणूनच सापडतं. धुऊन, चाळून वेगळं करता येतं. बाकीचे बहुतेक धातू मात्र दगडात दुसऱ्या कशाला तरी घट्ट धरून बसलेले असतात. कधी गंधकाला, कधी प्राणवायूला. अशा दगडाला धातूचं खनिज म्हणतात. खनिजाकडे पाहून आत धातू आहे हे सहसा कळत नाही.

मग करायचं काय? पहिलं काम निवडण्याचं. दगड फोडायचा, चांगला वेगळा करायचा, फुकट जाणारा बाजूला टाकायचा. तांदूळ निवडण्यासारखंच. दुसरं काम भाजण्याचं. खनिजात गंधक असेल तर ते उघड्या आचेवर भाजलं की गंधक घुसमटवणारा वायू होऊन निघून जातो आणि त्याची जागा प्राणवायू घेतो. तिसरं काम कोळशाबरोबर तापवण्याचं. कोळशाला प्राणवायूची ओढ जास्त. तो खनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि धातू मोकळा होतो. उरलेली माती आणि दगड वितळून वेगळे होतात, त्याला मळी म्हणतात.

तांबं, शिसं, कथील यांच्या बाबतीत मोकळा झालेला धातू भट्टीच्या तळाशी जमतो. लोखंड जुन्या भट्ट्यांमध्ये पूर्ण वितळत नसे. त्याचा भोकाभोकांचा गोळा मिळे, तो तापवून, ठोकून ठोकून त्यातली मळी बाहेर काढावी लागे. आपल्या नागपूर जिल्ह्यात नैकुंड इथे झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची अशी भट्टी सापडली आहे. ती महापाषाण काळातली, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांहूनही जुनी. विदर्भातल्या माणसांना त्या काळात लोखंड काढता येत होतं.

काही धातूंना यानंतर शुद्ध करण्याचं आणखी एक काम असतं. चांदीचं उदाहरण घेऊ. चांदी पुष्कळदा शिशाच्या पोटात लपलेली असते. ते शिसं सच्छिद्र वाटीत ठेवून, वरून हवा मारत तापवलं की शिशाची राख होते आणि ती वाटीत मुरते. चांदीला हवेचं काही होत नाही. वाटीत शेवटी चांदीचा चमकता थेंब उरतो. तांदळातून खडा काढतो, तसं इथे खड्यातून तांदूळ काढायचा.

आता जस्ताकडे येऊ. इथे सगळा हिशोबच उलटा होतो. भाजलेल्या खनिजातून जस्त मोकळं करायला भट्टीत साधारण १,००० अंश सेल्सिअसची आच लागते. पण जस्त ९०७ अंशांनाच उकळतं आणि त्याची वाफ होते. म्हणजे ते जन्मतं तेच वाफ होऊन. तळाशी जमायला ते थांबतच नाही. बरं, ही वाफ वर जाऊन हवेला भेटली की लगेच पेट घेते आणि तिचा पांढरा धूर होतो. भट्टी थंड झाल्यावर आत पाहावं तर धातूचा थेंबही नाही, भिंतीवर फक्त पांढरी भुकटी. जगभरच्या धातुकारांच्या हातून जस्त हजारो वर्षं असंच निसटत होतं.

तरी पितळ मात्र बनत होतं. कसं? तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळशाची पूड एका बंद मडक्यात भरून तापवायची. जस्ताची वाफ बाहेर जाण्याआधी तांब्यात शिरते आणि तांब्याचं पितळ होतं. या रीतीने जस्त कधीही स्वतंत्रपणे डोळ्यांना दिसत नसे. तांब्यात ते किती शिरेल यालाही मर्यादा होती, साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त. प्रत्येक खेपेला पितळ सारखंच उतरेल याची खात्री नव्हती. ठरावीक मापाचं, हव्या त्या रंगाचं पितळ करायचं तर जस्त वेगळं हातात यायला हवं होतं.

ते हातात आलं जावरला. जावर हे गाव उदयपूरच्या दक्षिणेला, साधारण ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरात आहे. तिथल्या डोंगरात जस्त आणि शिसं यांचं खनिज एकत्र सापडतं. खाणीत आधारासाठी लावलेली जुनी लाकडं तिथे मिळाली. त्यांचं वय मोजलं तेव्हा ती दोन हजार वर्षांहून जुनी निघाली. म्हणजे इसवी सनाच्याही आधीपासून तिथे माणसं खोल उतरत होती. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती. खडकाला लाकडं लावून आग द्यायची, खडक तापून तडकला की फोडायचा. अशा आगीने झालेल्या गोलसर गुहा त्या डोंगरांत आजही पाहायला मिळतात. अंधाऱ्या बोगद्यात, धुरात, पेटत्या लाकडांशेजारी काम करणाऱ्या त्या माणसांचा श्वास कसा चालत असेल, याचा विचार चूल फुंकणाऱ्या बाईला वेगळा समजावून सांगायला नको.

इसवी सनाच्या बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपास या जावरमध्ये जस्त काढण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. त्यांनी काय केलं, ते नीट ऐका, कारण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

त्यांनी मातीची लांबट भांडी केली, अगदी वांग्याच्या आकाराची. संस्कृत ग्रंथांत या भांड्याला नावच ‘वृन्ताक मूषा’ असं आहे. वृन्ताक म्हणजे वांगं आणि मूषा म्हणजे धातू तापवायचं भांडं. भाजलेलं खनिज कुटून त्यात कोळशाची पूड, मीठ, शेण असं मिसळून लहान लहान गोळ्या वळायच्या आणि उन्हात वाळवायच्या. त्या गोळ्या मातीच्या वांग्यात भरायच्या. मग तोंडाला मातीचं नरसाळं बसवून सांधा चिखलाने लिंपायचा. आता हे वांगं उलटं करायचं आहे, तर गोळ्या बाहेर पडतील. म्हणून तोंडातून आत एक काडी घालून ठेवायची. काडी गोळ्या धरून ठेवते. भट्टी तापते तोवर ती जळून जाते, पण तोपर्यंत गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. काडीच्या जागी उरते एक पोकळ वाट. ती वाट वाफेसाठी.

भट्टी दोन मजली. मध्ये भोकं असलेली मातीची जाड फरशी. वरच्या मजल्यावर वांगी उलटी उभी, त्यांच्या अवतीभोवती निखारे. नरसाळ्यांची टोकं मात्र फरशीच्या भोकांतून खालच्या थंड मजल्यावर उतरलेली. एका भट्टीत सहा ओळी, ओळीत सहा, अशी ३६ वांगी. वर आच इतकी की जस्ताची वाफ व्हावी. वाफेला वर जायला वाट नाही, म्हणून ती नरसाळ्यातून खाली येते. खाली गारवा. भाताच्या झाकणाला वाफ लागून पाणी सुटतं ना, तसंच इथे जस्ताचे थेंब होतात आणि खाली ठेवलेल्या भांड्यात पडतात. आपलं झाकण वर असतं, त्यांनी गारवा खाली ठेवला, एवढाच फरक. पण या फरकामुळे वाफ हवेत पेटण्याआधी हाती लागली.

यातली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इथे धातू काढणं आणि शुद्ध करणं ही दोन्ही कामं बरीचशी एकाच वेळी होतात. खनिजातलं लोखंड, माती, दगड यांची या आचेला वाफ होत नाही, ते वांग्यातच राहतात. खाली उतरतं ते मुख्यतः जस्त. शिशाचा थोडा अंश तेवढा सोबत येतो.

१९८३ साली बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक कंपनी यांनी मिळून जावरमध्ये उत्खनन केलं. तिथे एका रांगेत सात भट्ट्या सापडल्या. शेवटच्या खेपेची वांगी काही भट्ट्यांमध्ये जशीच्या तशी उलटी उभी होती. सात भट्ट्या म्हणजे एका वेळी २५२ वांगी. प्रत्येक वांगं एकदाच वापरता येई, मग टाकून द्यायचं. टाकलेल्या वांग्यांचे तिथे डोंगर झाले आहेत, काही लाख टनांचे. जुन्या जावरमधल्या घरांच्या भिंतीही याच वापरलेल्या वांग्यांच्या रचलेल्या आहेत. विटांऐवजी वांगी! चुलीतली राख आपण फुकट घालवत नाही, तशी त्यांनी भट्टीची खापरंही घालवली नाहीत.

या कामाचं लेखी वर्णनही आपल्याकडे आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात जस्ताच्या खनिजाला ‘खर्पर’ म्हटलं आहे. त्यात सत्त्व काढण्याची जी कृती आहे, तिच्यातलं सामान म्हणजे हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, काजळी, सवागी आणि बिब्बा. अर्धं सामान आपल्या फडताळातलं! ज्योतीचा रंग निळ्यावरून पांढरा झाला की भांडं चिमट्याने धरून उलटं करायचं, असंही तिथे सांगितलं आहे. तेव्हा तापमापक नव्हता. रंग पाहून वेळ ओळखायची. पाकाची तार आली की नाही, हे आपण जसं बोटांनी ओळखतो, तसं ते ज्योतीकडे पाहून ओळखत.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अजमेर सुभ्यातल्या जस्ताच्या खाणीची नोंद केली आहे. इकडे दख्खनमध्ये बिदरची काळी नक्षीदार भांडी प्रसिद्ध झाली, आणि पुढे मराठवाड्यात औरंगाबादलाही तेच काम झालं. ही बिदरी भांडी बहुतांशी जस्ताची असतात, तांबं त्यात अगदी थोडं. काळ्या रंगावर चांदीची तार बसवलेली असते. जस्त वेगळा धातू म्हणून हाती आल्याशिवाय बिदरी काम होऊच शकलं नसतं. युरोपात मात्र जस्त पूर्वेकडून जहाजांनी जात असे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. त्याच्या भट्टीतही वाफ खालीच उतरवली जाई. जावरची वांगी तेव्हा निदान चारशे वर्षं तापत आली होती.

आता या कामातल्या माणसांकडे वळू. जावरच्या इतिहासात एका बाईचं नाव ठळक आहे. महाराणा कुंभाची मुलगी रमाबाई. तिने जावरला विष्णूचं मंदिर आणि कुंड बांधवलं, १४९७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. खाणीच्या गावात पैसा होता, म्हणून तिथे मंदिरं उभी राहिली. पण माती कुणी मळली, गोळ्या कुणी वळल्या, लाखो वांगी उन्हात कुणी मांडली आणि उचलली, त्यांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. कुंभाराच्या घरात चाकावर पुरुष बसला तरी माती चाळायला, भिजवायला, भांडी उन्हात हलवायला घरातल्या बायका-मुलं लागतात, हे आपण आपल्या गावांत पाहतोच. त्या कामाची नोंद गावाच्या वहीतही नसते, मग शिलालेखात कुठून असणार?

आणि मग हे काम थांबलं. कसं थांबलं, ते ऐकायला आपल्याला जरा जड जाईल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे आणि होळकर यांच्या फौजा मेवाडवर पुन्हा पुन्हा चालून गेल्या. खंडणी वसूल झाली, मुलूख उजाड झाला, व्यापाराच्या वाटा बंद पडल्या. त्यातच १८१२-१३ साली राजपुतान्यात मोठा दुष्काळ पडला. या सगळ्या धामधुमीत जावरच्या भट्ट्या विझल्या आणि गाव ओसाड पडलं. १८१८ साली मेवाडने इंग्रजांशी तह केला आणि जेम्स टॉड हा इंग्रज अधिकारी तिथे आला. त्याला या खाणी पडीक अवस्थेत आढळल्या.

शाळेत आपण अटकेपार झेंड्याचा धडा वाचला. तो पराक्रम खोटा नाही. पण फौजेला पोट असतं, आणि ते ज्या गावातून भरलं जातं त्या गावाचाही इतिहास असतो. आपल्या गावावर दुसऱ्याची धाड आली ती लक्षात ठेवायची आणि आपण दुसऱ्याकडे नेली ती विसरायची, असं करून चालत नाही. जावरच्या भट्ट्या फक्त मराठ्यांनी विझवल्या असं आम्ही म्हणत नाही. दुष्काळ होता, मेवाडमधल्या आपसातल्या भांडणांचाही वाटा होता. पण आपला वाटा आपण सांगितला पाहिजे.

पुढे विसाव्या शतकात खाणी पुन्हा सुरू झाल्या. १९६६ साली हिंदुस्थान झिंक कंपनी स्थापन झाली. आता पद्धत निराळी आहे. भाजलेलं खनिज गंधकाच्या आम्लात विरघळवतात, त्यातली भेसळ काढून टाकतात आणि विजेच्या प्रवाहाने शुद्ध जस्ताचे थर पत्र्यावर जमवतात. तेही मोठं काम आहे. पण ते जावरच्या वांग्यांपासून वाढत आलेलं नाही. मधली साखळी तुटली होती. ग्रंथात कृती होती, डोंगराएवढी खापरं डोळ्यांसमोर होती, तरी ते काम करणारे हात उरले नव्हते. काडी कोणत्या झाडाची, चिखल किती पातळ, आच कधी कमी करायची, हे शिकवणारं कुणी राहिलं नव्हतं. गाव उठलं की अशी विद्याही त्याच्याबरोबर उठून जाते.

जाता जाता एक धोक्याची सूचना, कारण आमच्या काही गटांतल्या बायका भंगार गोळा करतात. जस्ताचा पांढरा धूर आजही तसाच निघतो. जस्ताचा लेप असलेली तार किंवा पत्रा जाळला, पितळ उघड्यावर वितळवलं आणि तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. साधा ताप समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना धुराचं आवर्जून सांगा. आणि जुन्या बॅटऱ्या तर अजिबात फोडू किंवा जाळू नका, कारण त्यांतलं शिसं लहान मुलांना फार बाधतं.

आता तुमच्याकडे एक काम. आपल्या प्रत्येक गावात असं काही ना काही आहे जे फक्त हातांत आहे. कुणाला कणगी विणता येते, कुणाला न तडकणारी चूल घालता येते, कुणी बियाणं राखेत घालून वर्षभर टिकवते, कुणाच्या घरी अजून कल्हई करतात. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की अर्धा तास काढा. एकीने सांगावं, शाळा शिकलेल्या मुलीने लिहावं. सामान किती, आच किती, रंग कधी बदलतो, हाताला कसं लागतं, सगळं. पण लिहिणं एवढंच पुरेसं नाही, हे जावरनेच आपल्याला सांगितलं. त्या कामाचे चार पैसे मिळतील असं काही गटातून करता येईल का, तेही बोला. काम चाललं तरच हात शिकतात.

आणि लिहिताना पानाच्या वर, जिने शिकवलं तिचं नाव लिहा. पूर्ण नाव लिहा, गावासकट.